फलकावरचे नाव आणि घरातला मुलगा

२०२३च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' या मोहिमेत देशभरातील ग्रामपंचायतींच्या आवारात शिलाफलक उभे राहिले. देशासाठी प्राण वेचलेल्या गावच्या सुपुत्रांची नावे त्यांवर कोरावीत आणि हातात माती घेऊन गावकऱ्यांनी शपथ घ्यावी, असा तो कार्यक्रम होता. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. समारंभ झाले, छायाचित्रे निघाली, पाहुणे परत गेले. पालघर ते बोईसर या पट्ट्यात फिरताना चौकांना, रस्त्यांना, शाळांना दिलेली अशी नावे मी वाचत असतो आणि दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. ज्याचे हे नाव आहे त्याने नेमके काय केले होते, हे इथून रोज ये-जा करणाऱ्या दहा माणसांपैकी किती जणांना सांगता येईल?

हा प्रश्न कुणाला हिणवण्यासाठी नाही. रणांगणावर पडलेल्या तरुण जवानाबद्दल आपल्याकडे आदर भरपूर आहे. अंत्ययात्रेला गाव लोटते, दुकाने बंद होतात, आयाबाया डोळ्यांना पदर लावतात. कमी पडते ती माहिती आणि त्याहून कमी पडते ते सातत्य. तेराव्यानंतर त्या घरात काय चालते, पोरांच्या शाळेचे काय, म्हाताऱ्या आईच्या औषधाचे काय, हे विचारणारे पाय हळूहळू थांबतात. जवानाचे स्मरण करायचे म्हणजे त्याच्या कृतीची नेमकी ओळख ठेवायची आणि त्याच्या घराची जबाबदारी पेलायची. घोषणा कितीही मोठ्याने दिली तरी ती या दोहोंपैकी एकाचीही जागा घेऊ शकत नाही, असे मला वाटते.

पालघरला शिकवावे न लागणारे शब्द

उमरोळी हे पश्चिम रेल्वेवरचे पालघर आणि बोईसर यांच्या मधले लहानसे स्थानक. इथला माणूस कचेरीच्या कामाला पालघरला जातो, पोटापाण्यासाठी बोईसरच्या कारखान्यांत जातो आणि २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्यापासून थेट मुंबईचीही वाट धरतो. या पट्ट्यातल्या मुलांना 'हुतात्मा' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण धारातीर्थी पडले. मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव होऊन त्या वेळी आठवडाही उलटला नव्हता. पालघरच्या हुतात्म्यांना आजही दर वर्षी १४ ऑगस्टला अभिवादन केले जाते. ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकलेली ही आठवण आहे.

ती का टिकली? एक कारण असे की ती घटनेसकट टिकली. कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्याने, कशासाठी लोक निघाले आणि काय झाले, हे आजोबांनी नातवाला सांगितले. नावे नंतर आली, गोष्ट आधी आली. सैनिकाच्या बाबतीत आपण याच्या उलट करतो. नाव पहिल्याच दिवशी कोरून घेतो आणि गोष्ट सांगायची राहून जाते.

आता याच काळातली दुसरी एक गोष्ट पाहा. पालघरला गोळीबार झाला त्यानंतर दोन वर्षांच्या आतच कोकणातला एक तरुण, पालघरवर राज्य करणाऱ्या त्याच सरकारच्या गणवेशात, हजारो मैल दूर इटलीमध्ये लढताना पडला. त्याचे नाव यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी हे त्याचे गाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आताचा रायगड. जन्म १९२१चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक होता, म्हणजे खांद्यावर दोन फितींचा, दहाबारा जवानांच्या तुकडीचा प्रमुख.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांनी डोंगरमाथे धरून ठेवले होते. घाडगेच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात तुकडीतले सगळे जण मेले किंवा जायबंदी झाले. उभा राहिला तो एकटा तुकडीप्रमुख. मागे फिरला असता तर कुणी बोल लावला नसता, कारण बरोबर नेण्यासारखे कुणी उरलेच नव्हते. तो पुढे धावला. आधी हातबाँब फेकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा, दोघांनाही गप्प केले. मग टॉमीगनने तिथल्या आणखी एकाला टिपले. मॅगझिन संपले आणि दुसरे भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच तो कोसळला. वय बावीस.

व्हिक्टोरिया क्रॉस या पदकाच्या मानपत्रात एवढेच आहे. सगळी हकिगत वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तिच्यात एकही विशेषण नसते तरी चालले असते. पण हे मानपत्र एकदा वाचले की 'वीर जवान अमर रहे' या चार शब्दांत जे मावत नाही ते डोळ्यांपुढे उभे राहते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, हा तो तपशील. तो कळला की पुतळ्यातला माणूस हलू लागतो.

एकाच सरकारच्या दोन बाजूंना

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या सरकारच्या पोलिसांनी पालघरला गोळ्या घातल्या त्याच सरकारसाठी घाडगे लढला. मग त्याला वीर म्हणायचे की नाही? स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे आपण या प्रश्नाला बगल दिली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे पंचवीस लाखांवर गेली होती आणि ते सगळे स्वेच्छेने भरती झालेले होते. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय होते. त्यांपैकी ५,७८२ जण परतले नाहीत. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांनी मिळवले. एवढे सगळे होऊन आपल्या शाळेच्या इतिहासात या माणसांना ओळीभराचीही जागा मिळत नाही. साम्राज्याचे भाडोत्री म्हणून त्यांना बाजूला सारणे सोपे होते.

सोपे होते, पण न्याय्य नव्हते. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतल्या घरांत पलटणीची नोकरी ही पिढीजात होती. डोंगरउताराच्या तुकड्यावर वर्षाचे भात भागत नसे. एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत आणि एक शेतावर, अशी घरे चालत. त्या मुलाने भरतीच्या वेळी साम्राज्याचा विचार केला नसेल. त्याने घराचा विचार केला असेल. आणि गोळ्यांच्या वर्षावात तो पुढे धावला तेव्हा त्याच्यासमोर ना राजा होता ना साम्राज्य. त्याच्यासमोर होती त्याची पडलेली तुकडी.

पालघरचे पाच हुतात्मे आणि इटलीत पडलेला घाडगे यांना एकाच रांगेत उभे करण्याची गरज नाही. दोघांची कृती वेगळी, कारण वेगळे. पण एकाला मान दिला की दुसऱ्याचा कमी होतो, अशी ही तागडी नाही. माणगावने हे आपल्या परीने ओळखले आणि घाडगेचा पुतळा उभारला. इटलीनेही ते उशिरा का होईना ओळखले. पेरूजियाजवळच्या मोन्तोने या गावी २०२३च्या जुलैमध्ये घाडगेच्या नावाने एक स्मारक झाले. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात, आणि त्याचे ब्रीद असे की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. आपल्या डोंगरात कधी काळी लढलेल्या परमुलखातल्या पोराची आठवण त्या गावाने एकोणऐंशी वर्षांनी दगडात घातली. घाडगे कुठल्या सरकारचा शिपाई होता, ही अडचण त्यांना वाटली नाही. आपल्यालाही ती वाटू नये.

तारापूर नावाचे एक आडनाव

तारापूर म्हटले की आता सगळ्यांना अणुवीज केंद्र आठवते. १९६९ साली ते सुरू झाले आणि देशातले पहिले म्हणून गावाचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याला लागून औद्योगिक वसाहत आली. पण त्याआधी चार वर्षे, १९६५च्या सप्टेंबरमध्ये, हे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर गेले होते. पाकिस्तानबरोबरच्या युद्धात सियालकोट भागात पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या घराण्यात अशी परंपरा सांगितली जाते की रतनजीबा नावाचे पूर्वज शिवछत्रपतींच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावे इनाम मिळाली आणि त्यांतले मुख्य गाव तारापूर. आडनाव तिथून आले. पुढे कुटुंब हैदराबादेत गेले. अर्देशीर आधी निजामाच्या संस्थानी फौजेत अधिकारी होते आणि हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर पूना हॉर्समध्ये आले. म्हणजे इथेही एका सरकारचा सैनिक दुसऱ्या सरकारचा झाला आणि निष्ठेत उणा पडला नाही.

११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत तारापोर जखमी झाले. मागे नेण्याची तयारी झाली, त्यांनी नकार दिला. हाताची जखम घेऊन ते पुढचे पाच दिवस रेजिमेंटबरोबर पुढे सरकत राहिले. वझीरवाली घेतले, मग जस्सोरन, मग बुतुर-डोगरांडी. १६ सप्टेंबरला ते मारले गेले. पूना हॉर्सने आपले नऊ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले, अशी नोंद मानपत्रात आहे. युद्धावर निघताना आपल्या एका सहकाऱ्याला त्यांनी निरवानिरव सांगून ठेवली होती. मी पडलो तर मला रणभूमीवरच अग्नी द्यावा, प्रार्थनेचे पुस्तक आईला, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला आणि फाउंटन पेन मुलाला द्यावे. या इच्छेप्रमाणे जस्सोरनला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. परमवीरचक्राच्या भव्यतेपेक्षा मला हे फाउंटन पेन अधिक लक्षात राहते. शौर्य गाजवणारा माणूस कुणाचा तरी बाप असतो आणि तो जाताना मुलाच्या अभ्यासाचा विचार करून जातो, हे त्या पेनमुळे कळते.

२०२३च्या जानेवारीत अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरचक्रविजेत्यांची नावे दिली गेली. त्यांत एक बेट तारापोर यांच्या नावाचे आहे. बंगालच्या उपसागरातल्या बेटाला जे नाव मिळाले ते ज्या गावावरून आले, त्या गावाच्या आसपासच्या शाळांतून ही हकिगत दर वर्षी सांगितली गेली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पलटण कशी आठवण ठेवते

याबाबत लष्कराकडून शिकण्यासारखे आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार म्हणतात, "पलटणीत नवीन पोर आले की त्याला आधी बंदूक मिळत नाही, आधी गोष्ट मिळते." मराठा लाइट इन्फन्ट्री दर वर्षी ४ फेब्रुवारीला मराठा दिन पाळते, कारण १६७० साली त्या दिवशी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो दिवस आजच्या शिपायाच्या पंचांगात आहे.

पूना हॉर्समध्येही हेच घडले. तारापोर पडल्यानंतर सहा वर्षांनी, १९७१च्या जूनमध्ये, अरुण खेत्रपाल नावाचा खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून शिकलेला मुलगा त्याच रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून रुजू झाला. युद्धाचे ढग जमले तेव्हा तो अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचे प्रशिक्षण घेत होता. तिथून तो सरळ आघाडीवर गेला. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्याचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवरून आला, पण आपली तोफ अजून काम करते आहे असे सांगून तो आत थांबला आणि मारा करत राहिला. त्या दिवशी त्याने स्वतः चार रणगाडे उडवले, असे मानपत्र सांगते. वय एकवीस. एकाच रेजिमेंटच्या दोन माणसांना, सहा वर्षांच्या अंतराने, मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पहिल्याची गोष्ट दुसऱ्यापर्यंत पोहोचली नसेल, असे कोण म्हणेल?

खेत्रपाल घराण्याचा पुढचा प्रसंगही इथे सांगायला हवा. २००१ साली अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपले मूळ गाव पाहायला पाकिस्तानात गेले. तिथे त्यांचे आतिथ्य केले ते ब्रिगेडियर नासेर यांनी. मुक्कामाच्या शेवटी नासेर यांनी सांगितले की तुमच्या मुलाचा रणगाडा माझ्या तोफेने उडाला आणि त्याच्या धैर्याला मी सलाम करतो. एकाने हे सांगितले आणि दुसऱ्याने ते ऐकून घेतले. दोघेही शिपाई होते. युद्ध काय असते हे ज्यांना ठाऊक असते त्यांना आठवण जागी ठेवण्यासाठी द्वेषाचे सरपण लागत नाही. आपल्याकडे चौकाचौकांत जे आवेशाचे बोलणे चालते, त्याच्या शेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा.

परमवीरचक्राची घडण करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांनाही बहुधा हेच अभिप्रेत असावे. जन्माने परदेशी असलेल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या या बाईंनी पदकावर इंद्राचे वज्र घातले. वज्र दधीची ऋषींच्या हाडांचे, ही कथा आपल्या घराघरात ठाऊक आहे. आपली हाडे मागितली गेली तेव्हा दधीचींनी ती देऊन टाकली. पदकावर मारणाऱ्याच्या शस्त्राइतकीच देणाऱ्याची हाडेही आहेत. आजवर एकवीस जणांना हे पदक मिळाले आणि त्यांपैकी चौदा जण ते घ्यायला जिवंत नव्हते.

आजचे जवान, आजची घरे

ही सगळी जुनी युद्धे झाली, असे कुणी म्हणेल. तर मग आपल्याच रेल्वेमार्गावरचे मीरा रोड घ्या. उमरोळीहून मुंबईकडे जाणारी लोकल रोज त्या स्थानकात थांबते. मेजर कौस्तुभ राणे तिथले. ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोर अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत ते आणि त्यांचे तीन सहकारी मारले गेले. वय एकोणतीस. त्याच वर्षी जानेवारीत त्यांना शौर्यासाठी सेना पदक जाहीर झाले होते. मागे आईवडील, पत्नी आणि अडीच वर्षांचा मुलगा. त्यांच्या अंत्ययात्रेला मीरा रोडचे रस्ते भरून वाहिले. पण त्यानंतरची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पत्नी कनिका राणे यांनी सैन्यात जाण्याचा निर्णय घेतला, परीक्षा दिली, चेन्नईच्या प्रबोधिनीत खडतर प्रशिक्षण पुरे केले आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. लहान मुलाला आजीआजोबांकडे ठेवून एका तरुण आईने हे केले. यामागे त्या दोन्ही वडीलधाऱ्यांचे किती बळ असेल याची कल्पना आपल्या कुटुंबांतून सहज करता येईल.

पण प्रत्येक घरात असे होऊ शकत नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही कुणी करू नये. बहुतेक घरांपुढचा प्रश्न अगदी साधा असतो. पुढच्या महिन्याचे काय? आजच्या घडीला जवानाच्या स्मरणाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो.

नियमित सेवेतला सैनिक लढाईत पडला तर त्याच्या कुटुंबाला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते त्याच्या शेवटच्या पगाराएवढे असते. २०२२च्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांना पुढे कायम करणे अशी रचना ठरली. सेवेत मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी अशी तरतूद झाली. रक्कम लहान नाही, हे मान्य केले पाहिजे. पण नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन मात्र तिच्यात नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला, तेव्हा हा विषय प्रथम घराघरात पोहोचला. २०२५च्या मे महिन्यात 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत जम्मू-काश्मीरच्या सीमेवर पाकिस्तानी माऱ्यात मुरली नाईक हा अग्निवीर मारला गेला. त्याचे मूळ गाव आंध्रात, कुटुंब राहिले घाटकोपरला. समान लाभ मिळावेत म्हणून त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. सैन्य तरुण राहावे, निवृत्तिवेतनाचा बोजा आटोक्यात राहावा आणि वाचलेला पैसा शस्त्रांवर खर्च व्हावा, हा युक्तिवाद पोकळ नाही. सीमेवर चांगल्या शस्त्रांअभावी मुले मरू नयेत, हेही स्मरणाचेच एक अंग आहे. चार वर्षे पुरी करून धडधाकट परत आलेल्या तरुणाला आयुष्यभर पेन्शन द्यावी का, यावर दोन मते असू शकतात. पण लढताना पडलेल्याच्या बाबतीत हा हिशेब लागू कसा होतो, हे मला समजत नाही. शत्रूची गोळी त्याची भरती कुठल्या योजनेतून झाली हे विचारत नाही. एकाच खंदकात शेजारीशेजारी पडलेल्या दोन जवानांच्या आयांना पुढची तीस वर्षे वेगवेगळी काढावी लागावीत, याचे समर्थन खर्चाच्या भाषेत करता येईल, पण गावात उभे राहून करता येणार नाही.

एकरकमी पैसा आणि महिन्याचा पैसा यांतला फरक आपल्या घरांना नीट कळतो. मोठी रक्कम आली की तिला वाटा फुटतात. घर बांधायचे असते, बहिणीचे लग्न असते, दिराचा धंदा असतो, सावकार असतो. त्या रकमेवरून सासू-सून आणि भाऊ-भावजय यांत कडवटपणा आल्याची उदाहरणे कुठल्याही गावात मिळतील. महिन्याला येणारा पैसा गाजावाजा न करता येतो आणि चूल पेटती ठेवतो. पेन्शन म्हणजे पहिल्या तारखेला येणारी सरकारची आठवण. बाकी सगळ्या आठवणी वर्षातून एकदा येतात.

आपल्या हातात काय आहे

कायदा आणि योजना दिल्लीत ठरतात. न्यायालयातला निवाडा यथावकाश होईल. पण उमरोळीसारख्या गावाने त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. काही गोष्टी आपल्याला आजच करता येतील आणि त्यांना फारसा खर्चही नाही.

पहिली गोष्ट फलकाची. नावाच्या खाली तीन ओळी वाढवाव्यात. कुठे, कधी आणि काय केले. शौर्यपदक मिळालेल्या प्रत्येकाचे मानपत्र असते. ते सोप्या मराठीत उतरवून घ्यायला गावातला कुणीही शिक्षक एक संध्याकाळ देऊ शकेल. दुसरी गोष्ट शाळेची. १५ ऑगस्टला पाहुण्यांची भाषणे दहा मिनिटांनी कमी करून त्या वेळात एक मानपत्र मुलांनीच वाचावे. एका वर्षी घाडगे, एका वर्षी तारापोर, एका वर्षी राणे. एखादी मुलगी ते मॅगझिनचे वाक्य मोठ्याने वाचेल तेव्हा मैदानावर शांतता पडेल, ती कुणी 'दोन मिनिटे स्तब्ध राहा' असे सांगून आणावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत गरजेची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वी ज्या कामासाठी ठाण्याला खेटे घालावे लागत त्यांतली बरीच आता जवळ होतात. तरीही कागदपत्रांचा गुंता तसाच असतो. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने प्रकरण अडते. बँकेतले खाते, वारस दाखला, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, जमिनीची मोजणी, अशा कामांसाठी जवानाची तरुण पत्नी किंवा वृद्ध बाप कचेऱ्यांतून फिरतो तेव्हा त्याच्याबरोबर चालणारा गावचा एक माणूस असला पाहिजे. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत वर्षातून एकदा असा विषय ठेवावा. आपल्या गावात सैनिकांची घरे किती, त्यांची कुठली कामे अडली आहेत, ती कोण करून देणार? नाव लिहून घ्यावे आणि पुढच्या सभेत त्याला विचारावे.

सकाळी गाडीची वाट पाहताना भरतीच्या तयारीसाठी धावणारी मुले मला दिसतात. छातीचे माप, धावण्याची वेळ, लेखी परीक्षा, सगळ्याचा त्यांचा हिशेब पक्का असतो. त्यांच्यातली काही निवडली जातील. आपण त्यांना पेढे देऊ, हार घालू, फटाके लावू. त्याच वेळी त्यांना आणखी एक गोष्ट खात्रीने सांगता आली पाहिजे. तुम्ही परत आलात तर हे गाव तुम्हाला ओळखील आणि न आलात तर तुम्ही काय केलेत हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असेल, तुमच्या आईला कचेरीत एकटीने उभे राहावे लागणार नाही. हे आज आपल्याला छातीठोकपणे सांगता येत नाही. येत्या ग्रामसभेपासून ते सांगता यावे, यासाठी सुरुवात करायला काय हरकत आहे?